कॉम्प्युटर चालूच होत नाही? दुकानात नेण्याआधी घरीच काय तपासायचं



आपल्यापैकी बहुतेकांचं सगळं काम आता मोबाईलवरच होतं. तरीही घरात एखादा डेस्कटॉप असतोच. टॅली त्याच्यावर, कॉलेजचा प्रोजेक्ट त्याच्यावर, ताईच्या लग्नाचे फोटोही त्याच्यावर. आणि एक दिवस बटन दाबलं तरी तो ढिम्म हलत नाही. मग घरातले सगळे आपल्याकडे बघतात, कारण "तुला मोबाईलमधलं सगळं कळतं की!"

माझ्यावर ही वेळ गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर आली. मी हुपरीचा. हातकणंगले तालुक्यातलं आमचं गाव चांदीच्या पैंजणांसाठी ओळखलं जातं, आणि इथं घराघरात चांदीचं काम चालतं. माझ्या चुलत्यांचा, म्हणजे आण्णांचा, छोटा कारखाना घरालाच लागून आहे. कुणाला किती चांदी दिली, किती माल जमा झाला, घट किती धरली, कुणाची मजुरी बाकी, हा सगळा हिशोब एका एक्सेल फाईलमध्ये. ती फाईल एकाच कॉम्प्युटरवर, आणि तो कॉम्प्युटर बंद. बॅकअप? तो विषयच नव्हता.

आण्णांनी तो एका दुकानात दाखवला. तिथं सांगितलं, "मदरबोर्ड गेलाय. नवीन सेटच घ्या. जुन्यातला डेटा निघेल याची गॅरंटी नाही." आण्णांचा चेहरा उतरला. मी म्हटलं, "आण्णा, पैसे द्यायच्या आधी मला एक संध्याकाळ द्या." ते म्हणाले, "बघ की. नाहीतरी आता आणि काय बिघडायचं राहिलंय?"

त्या संध्याकाळी मी काय केलं, ते या लेखात पुढे येईलच. पण त्याआधी एक गोष्ट समजून घेऊया, म्हणजे बाकीचं सोपं जाईल.

'चालू होत नाही' म्हणजे नक्की काय?

दुकानात आपण सरळ म्हणतो, "चालू होत नाही". पण या एका वाक्यात चार-पाच वेगवेगळे बिघाड लपलेले असतात. भिंतीतली वीज आधी कॅबिनेटच्या मागच्या पॉवर सप्लायमध्ये जाते, त्याला आपल्याकडे एसएमपीएस म्हणतात. तो 230 व्होल्टचे 12, 5 आणि 3.3 व्होल्ट बनवतो. कॉम्प्युटर बंद दिसत असला तरी प्लग चालू असेल तोवर एसएमपीएस मदरबोर्डला 5 व्होल्टची एक बारीक लाईन सतत देत असतो. तिला स्टँडबाय म्हणतात. तुम्ही बटन दाबता तेव्हा मदरबोर्ड या स्टँडबायच्या जोरावर एसएमपीएसला "आता पूर्ण चालू हो" असा इशारा करतो. मग पंखे फिरतात, बोर्ड स्वतःची आणि रॅमची तपासणी करतो, स्क्रीनवर चित्र येतं, डिस्क सापडते आणि शेवटी विंडोज उघडतं.

ही साखळी कुठल्या कडीवर तुटली, एवढंच शोधायचं असतं. बटन दाबल्यावर काहीच हालचाल नाही, पंखे फिरतात पण स्क्रीन काळी, किंवा कंपनीचा लोगो येतो पण विंडोज येत नाही. हे तीन आजार पूर्ण वेगळे आहेत आणि तिघांचा खर्चही वेगळा.

काहीच होत नाही, पंखासुद्धा फिरत नाही

सुरुवात भिंतीपासून करा. कंटाळवाणं वाटतं, पण बऱ्याच वेळा घोळ तिथंच असतो. सॉकेटमध्ये टेस्टर लावला आणि तो पेटला म्हणून खूश होऊ नका. टेस्टर पेटतो म्हणजे फेज आहे एवढंच कळतं. न्यूट्रल तुटलेली असली तरी टेस्टर पेटतोच. मोबाईलचा चार्जर लावून बघणं त्यापेक्षा बरं, पण त्यातही एक गंमत आहे. चार्जरवरची बारीक अक्षरं वाचा, बहुतेकांवर इनपुट 100 ते 240 व्होल्ट लिहिलेलं असतं. एसएमपीएसच्या स्टिकरवरही इनपुट लिहिलेलं असतं, आणि आपल्याकडच्या बऱ्याच स्वस्त एसएमपीएसवर ते 200 ते 240 असतं. म्हणजे संध्याकाळी व्होल्टेज पडलं की मोबाईल मस्त चार्ज होतो आणि कॉम्प्युटर मात्र उठत नाही. ट्यूबलाईट फडफडत असेल, पंखा रेंगाळत असेल, तर कॉम्प्युटरला दोष देऊ नका. शेजाऱ्यांकडेही तसंच असेल तर महावितरणच्या 1912 या नंबरवर तक्रार करा.

आता यूपीएस. यूपीएसची बॅटरी दोन-तीन वर्षांत थकते, आणि काही यूपीएस असे असतात की बॅटरी मेली की लाईट असतानाही पुढं वीज सोडत नाहीत. म्हणून यूपीएस, एक्स्टेंशन बोर्ड, स्टॅबिलायझर सगळं बाजूला ठेवा आणि कॉम्प्युटरची केबल थेट भिंतीच्या सॉकेटला लावून बघा. केबलही बदलून बघा. कॅबिनेटच्या मागे लागते तशीच केबल बहुतेक मॉनिटरला असते, तीच काढून लावता येते.

एसएमपीएसच्या मागे एक काळा स्विच असतो. उभी रेघ म्हणजे चालू, गोल म्हणजे बंद. झाडलोट करताना हात लागून तो बंद झालेला मी दोनदा पाहिलाय. जुन्या एसएमपीएसवर लाल रंगाचा सरकता स्विचही असतो, 115 आणि 230 लिहिलेला. तो 230 वरच ठेवायचा. 115 वर सरकवून आपल्या लाईटला लावला तर आवाज होईल, वास येईल आणि एसएमपीएस संपेल.

एवढं करून काहीच नाही? मग कॅबिनेटची बाजूची पत्री उघडा. त्याआधी प्लग काढा आणि मोबाईलने आतल्या सगळ्या केबल्सचे फोटो काढून ठेवा, दोन-तीन बाजूंनी. नंतर "ही वायर कुठली होती?" असं म्हणत बसायची वेळ येत नाही. आतल्या कशालाही हात लावण्याआधी कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूच्या भागाला एकदा स्पर्श करा, म्हणजे अंगातली स्थिर वीज निघून जाते. आत 24 पिनांचा रुंद कनेक्टर आणि प्रोसेसरजवळचा 4 किंवा 8 पिनांचा कनेक्टर घट्ट बसलेत का ते दाबून बघा.

मग हात बाहेर काढून प्लग लावा, पण बटन दाबू नका. अंधार करून मदरबोर्डकडे बघा. बऱ्याच बोर्डांवर एक छोटा हिरवा किंवा लाल दिवा लागतो. तो लागला म्हणजे स्टँडबायचे 5 व्होल्ट बोर्डापर्यंत पोचतायत. सगळ्याच बोर्डांवर असा दिवा नसतो, त्यामुळे दिसला नाही म्हणून लगेच निकाल देऊ नका.

आण्णांच्या कॉम्प्युटरमध्ये हा दिवा लागत होता. मला तिथंच शंका आली. वीज आत येतेय, स्टँडबाय आहे, मग बटन दाबल्यावर निदान पंख्यानं एखादा झटका तरी द्यायला पाहिजे. तो इशारा बोर्डापर्यंत पोचतच नसेल तर?

कॅबिनेटवरच्या बटनापासून दोन बारीक वायरी मदरबोर्डच्या खालच्या कोपऱ्यातल्या पिनांवर येतात. बटन म्हणजे दुसरं काही नाही, या दोन पिना क्षणभर एकमेकांना टेकवणारी एक साधी कळ. मी बोर्डचा मॉडेल नंबर मोबाईलवर टाकून कंपनीच्या साईटवरून मॅन्युअल काढलं, त्यातला 'फ्रंट पॅनल'चा नकाशा पाहिला आणि पॉवर स्विचच्या दोन पिना नक्की केल्या. बटनाची वायर उपसली आणि स्क्रू-ड्रायव्हरचं टोक त्या दोन पिनांना अर्धा सेकंद टेकवलं.

पंखा फिरला. मॉनिटरवर लोगो आला.

मदरबोर्ड ठणठणीत होता. आठ-नऊ वर्षं दाबून दाबून बटनाच्या आतली पत्री गेली होती. रिसेटचं बटन कुणी वापरत नाही, म्हणून त्याची वायर पॉवरच्या पिनांवर लावली. आता आण्णा रिसेटचं बारकं बटन दाबून कॉम्प्युटर चालू करतात. खर्च शून्य.

दुकानदारावर माझा राग नाही. घाईगर्दीत बटन दाबून बघितलं, काही झालं नाही, मोठं नाव घेतलं. पण त्या दिवशी एक्सेलची फाईल गेली असती तर दिवाळीच्या हिशोबाला कुणाची चांदी किती, हे कारागिरांच्या तोंडी शब्दावर ठरवावं लागलं असतं. आणि त्यात भांडणं ठरलेली.

एक सूचना. त्या पिनांवर व्होल्टेज अगदी कमी असतं, शॉक बसत नाही. पण शेजारच्या भलत्याच पिना जोडल्या तर बोर्डाला इजा होऊ शकते. मॅन्युअल न बघता हा प्रयोग करू नका.

एसएमपीएस गेलाय का?

बोर्डावर दिवा नाही, पिना टेकवूनही काही नाही, किंवा पंखा एक झटका देऊन थांबतो. अशा वेळी संशय एसएमपीएसवर जातो. सर्वात खात्रीची परीक्षा म्हणजे मित्राचा चालू एसएमपीएस लावून बघणं. इंटरनेटवर हिरवी वायर काळीला जोडून पंखा फिरवायची युक्ती सापडते. ती खोटी नाही, पण त्यानं एसएमपीएस जिवंत आहे एवढंच कळतं, लोड पेलेल का ते कळत नाही. शिवाय नव्या एसएमपीएसमध्ये सगळ्याच वायरी काळ्या असतात, मग हिरवी शोधणार कुठं?

झटका देऊन थांबत असेल तर शॉर्टही असू शकतो. सगळे यूएसबी काढा, पेन ड्राईव्ह, प्रिंटर, सगळं. वाकडा झालेला यूएसबी पोर्टसुद्धा अख्खा कॉम्प्युटर अडवू शकतो.

आणि हे ठळक अक्षरात लिहिलंय असं समजा: एसएमपीएसचा डबा घरी उघडायचा नाही. आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये 300 व्होल्टच्या वर दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ टिकून राहू शकतो. बाकी कॅबिनेट बिनधास्त उघडा, हा डबा नाही.

कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात, ही तक्रारही बऱ्याच घरांत असते. त्याचं कारण बहुधा सॉकेटला अर्थिंग नसणं. एसएमपीएसच्या फिल्टरमधून थोडी वीज कॅबिनेटच्या पत्र्यावर येते, आणि ती जमिनीत जायची वाट म्हणजे अर्थिंग. ती नसेल तर वाट तुमच्या बोटातून. वायरमन बोलावून अर्थिंग करून घ्या. तीन पिनांच्या प्लगची जाड पिन कापून दोन पिनांच्या बोर्डात घुसवणारे महाभाग अजून आहेत, त्यांच्यासाठी हा परिच्छेद दोनदा वाचावा.

पंखे फिरतात, पण स्क्रीन काळी

इथं घाबरायचं कारण कमी. आधी मॉनिटर. त्याचा दिवा लागतोय का, इनपुट बरोबर निवडलाय का, केबल घट्ट आहे का. मोबाईलचा टॉर्च स्क्रीनवर तिरका मारून बघा. अगदी पुसट चित्र दिसलं तर कॉम्प्युटर चालू आहे, मॉनिटरची बॅकलाईट गेलीय. वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर केबल कार्डलाच लावायची, मदरबोर्डला नाही. ज्या इंटेल प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी 'एफ' असतो, त्यांच्यात स्वतःचं ग्राफिक्स नसतंच, त्यामुळे मदरबोर्डच्या पोर्टला केबल लावली तर स्क्रीन काळीच राहणार.

मॉनिटर ठीक असेल तर रॅम. पावसाळ्यानंतर आमच्याकडे या तक्रारी वाढतात. प्लग काढा, रॅमच्या दोन्ही टोकांच्या खिट्ट्या उघडा, पट्टी बाहेर काढा, सोनेरी कडेवरून पांढऱ्या मऊ खोडरबरानं हलकेच घासा, भुगा ब्रशने झाडा आणि खिट्टी 'टक' वाजेपर्यंत दाबून बसवा. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून बघा. एकीवर चालू आणि दुसरीवर बंद, तर निकाल तुमच्या हातात. रॅमची वॉरंटी बऱ्याचदा लांब असते, त्यामुळे खराब पट्टी फेकण्याआधी तिचं बिल शोधा.

काही बोर्डांवर चार बारीक दिवे असतात: सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट. जो पेटून राहतो, गाडी तिथं अडलीय. जुन्या बोर्डांवर हेच काम बीप करतात, पण किती बीप म्हणजे काय, हे कंपनीप्रमाणे बदलतं. मोबाईलवर व्हिडिओ काढा, मग निवांत मोजा आणि मॅन्युअलशी ताडून बघा. नवीन डीडीआर 5 रॅम बसवली असेल तर पहिल्या वेळी काही मिनिटं स्क्रीन काळी राहू शकते, बोर्ड रॅमची जुळणी करत असतो. त्या वेळात घाबरून बटन दाबत बसू नका.

मदरबोर्डवरचा गोल सेल, सीआर 2032, संपला की तारीख-वेळ चुकते आणि कधी कधी सेटिंगही बिघडतात. प्लग काढून सेल पाच मिनिटं बाहेर ठेवला की सेटिंग मूळ जागी येतात. पण थांबा, त्याआधी पुढचा भाग वाचा.

लोगो येतो, विंडोज येत नाही

म्हणजे मशीन जिवंत आहे. "बूट डिव्हाइस सापडत नाही" अशा अर्थाचा संदेश आला तर बायोसमध्ये जाऊन डिस्कचं नाव दिसतं का बघा. दिसत नसेल तर साटा केबल काढून परत लावा, शक्य असेल तर बदला. नाव दिसत असेल आणि विंडोज अर्ध्यावर अडकत असेल, तर सलग दोन-तीनदा अर्ध्यात बंद पडलं की विंडोज स्वतःच दुरुस्तीचा पडदा उघडतं. तिथं 'स्टार्टअप रिपेअर' आधी, 'रिसेट' अगदी शेवटी.

आता सेल काढण्याबद्दल. विंडोज 11 च्या बऱ्याच मशीनमध्ये डिस्क कुलूपबंद, म्हणजे एन्क्रिप्ट केलेली असते. बायोसची सेटिंग बदलली किंवा बोर्ड बदलला तर विंडोज 48 आकडी रिकव्हरी की मागू शकतं. मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलेलं असेल तर ती की बहुधा त्या अकाउंटमध्ये साठवलेली असते आणि मोबाईलवरून बघता येते. आज, कॉम्प्युटर नीट चालू असतानाच, ती उघडून वहीत लिहून ठेवा. की हरवली तर डिस्क ठणठणीत असूनही आतलं काही मिळत नाही.

लॅपटॉप असेल तर

चार्जर काढा, बॅटरी निघत असेल तर तीही काढा, पॉवरचं बटन 30 सेकंद दाबून धरा. मग फक्त चार्जर लावून चालू करून बघा. आत अडकून बसलेली वीज निघाली की काही लॅपटॉप लगेच उठतात. टाईप-सी चार्जिंगचा लॅपटॉप असेल तर मोबाईलचा 18 किंवा 25 वॅटचा चार्जर लावून "चार्ज होत नाही" म्हणू नका. त्याला साधारण 45 किंवा 65 वॅट लागतात. याच्यापुढे लॅपटॉप उघडणं नवख्याचं काम नाही.

डेटा कुठं असतो?

आण्णांना सगळ्यात जास्त भीती याचीच होती, म्हणून स्पष्ट सांगतो. तुमच्या फाईली मदरबोर्डात नसतात, एसएमपीएसमध्ये नसतात. त्या डिस्कमध्ये असतात, आणि डिस्क हा वेगळा सुटा भाग आहे. बोर्ड खरोखर जळला तरी डिस्क काढून, काही शे रुपयांत मिळणाऱ्या साटा-यूएसबी केबलने दुसऱ्या कॉम्प्युटरला लावता येते. डिस्क एन्क्रिप्ट केलेली असेल तर वर सांगितलेली की लागेल, नसेल तर फाईली सरळ दिसतात. "फॉरमॅट मारून देतो" असं कुणी म्हटलं तर त्याच्या आधी डेटा काढून घ्या. फक्त जुनी हार्ड डिस्क 'टक टक' असा आवाज करत असेल तर तिला परत परत चालू करू नका. प्रत्येक वेळी आतली खराबी वाढू शकते, ती थेट डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्यावी.

2019 च्या ऑगस्टमध्ये आणि 2021 च्या जुलैमध्ये पंचगंगेचा पूर आला तेव्हा कोल्हापूर जिल्ह्यात किती घरांतले कॉम्प्युटर पाण्याखाली गेले असतील, विचार करा. पुराच्या पाण्यात भिजलेला कॉम्प्युटर "चालतोय का बघू" म्हणून कधीच लावू नका. त्या पाण्यात माती आणि क्षार असतात, ते वीज वाहतात. हार्ड डिस्कही उन्हात वाळवून जोडून बघायची नाही.

आमच्या गावासाठी एक खास गोष्ट. घरातच चांदीचं काम असेल तर कॅबिनेट त्या खोलीत जमिनीवर ठेवू नका. घासताना, कापताना उडणारा धातूचा बारीक कीस पंखा आत ओढतो, आणि चांदी तर वीज उत्तम वाहून नेते. जिथं तेजाब वापरतात तिथली वाफ तांब्याचे कॉन्टॅक्ट खाते. आण्णांचं कॅबिनेट उघडल्यावर आतून निघालेली धूळ बघून ते म्हणाले, "अरे, ही घट मी हिशोबात धरलीच नव्हती."

दुकानात न्यावंच लागलं तर

वर सांगितलेल्या तीन आजारांपैकी कुठला आहे, तो शब्दांत सांगा. "स्टँडबायचा दिवा लागतो, पिना शॉर्ट केल्या तरी पंखा फिरत नाही" असं म्हणणाऱ्याला सहसा कुणी उगाच मदरबोर्ड विकत नाही. डिस्क शक्यतो घरीच काढून ठेवा, पॉवरचा बिघाड तपासायला तिची गरज नसते. द्यावीच लागली तर तिच्या स्टिकरवरच्या सिरियल नंबरचा फोटो काढा. बदललेला जुना भाग परत मागा आणि नवीन भागाचं वॉरंटीसह बिल घ्या.

आण्णांची एक्सेल फाईल मी त्याच रात्री पेन ड्राईव्हवर घेतली आणि एक कॉपी त्यांच्या मोबाईलच्या गुगल ड्राईव्हवर टाकली. आता दर शनिवारी संध्याकाळी त्यांचा फोन येतो, "पोरा, ते वर चढवायचं कसं ते परत सांग."